आबांचं नाक

पट्टी सोडायच्या आधी आबा तिच्यावर वाकत. दोन्ही हात पाठीमागे, डोळे मिटलेले, नाक पट्टीपासून चार बोटांवर. एक लांब श्वास आत घ्यायचे, थोडा वेळ तसाच धरायचे आणि तोंड बाजूला करून सोडायचे. मग डोळे उघडून दोनच शब्द बोलायचे, "कोरं शे." म्हणजे जखमेला कोऱ्या कापडाचा वास आहे, आत सगळं ठीक आहे, पट्टी उघडायची गरज नाही. तसं नसलं, तर ते काहीच बोलत नसत. नुसतं दाराकडे बोट दाखवत. त्याचा अर्थ, साहेबांना बोलवा.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला धक्काच बसला. मी मूळची वाईची, पुण्याला नर्सिंग शिकलेली, आणि नंदुरबारला येऊन मला चारच दिवस झालेले. पुण्याला आम्हाला जंतू, सूक्ष्मदर्शक, तापाचे तक्ते असं सगळं शिकवलं होतं. आणि इथे हा पन्नाशी उलटलेला माणूस, धोतरावर खाकी कोट घालून, खाटाखाटांवरून माणसांची पोटं हुंगत फिरत होता. मी तणतणत साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आमचे सर्जन, इस्पितळातले एकमेव. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हुंगतात तेव्हा पट्टी बांधलेली असते की सोडलेली?"

"बांधलेली."

"मग बाई, एक महिना बघा आणि मग तक्रार करा."

महिन्यानंतर मी तक्रार केली नाही, एवढं सांगितलं की पुरे.

तुम्हीही इस्पितळात जाता-येता अशी माणसं पाहिली असतील. ती डॉक्टर नसतात, कंपाउंडर नसतात. हातात उकळलेल्या हत्यारांचा ट्रे घेऊन ती भिंतीच्या कडेकडेनं चालतात आणि आपण त्यांना वाटही देत नाही. आबा तसे ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, कापसाचे बोळे करणं, हत्यारं उकळणं ही त्यांची कामं. जवळच्याच कोरीटचे, चौथीपर्यंत शिकलेले. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं. ते तिथेच राहू दे. सगळा वॉर्ड त्यांना आबा म्हणे, साहेबसुद्धा.

तेव्हा नंदुरबार हा काही वेगळा जिल्हा नव्हता, धुळ्याच्या हाताखालचा तालुका होता. आमचं इस्पितळ वीस खाटांचं. पेनिसिलिन मिळायला लागलं होतं, पण येईल तेव्हा येईल आणि येईल तेवढंच. रबरी हातमोजे फाटले की त्यांना सायकलच्या ट्यूबसारखं ठिगळ लावून, उकळून पुन्हा वापरायचे. अशा ठिकाणी ऑपरेशन करणं सोपं आणि नंतर जखमेत पू होऊ न देणं अवघड. पोट उघडून बाळंत केलेली बाई तर आठ दिवस सगळ्यांच्या जिवाला घोर. वाटेल तेव्हा पट्टी उघडून बघावं, तर तेवढ्यात बाहेरची धूळ, माश्या आत जाणार. न उघडावं, तर आत काय शिजतंय ते कळणार नाही. आबांच्या नाकामुळे न उघडता कळत होतं. वीस वर्षांत ते चुकलं नव्हतं.

त्यांचे नियम कुठे लिहिलेले नव्हते. सकाळच्या फेरीत स्वच्छ जखमा आधी आणि पुवाच्या शेवटी. पोट शिवलेली बाळंतीण पहिली, गळवाचा माणूस अखेरचा, मग तो कोणी का असेना. बाजारपेठेतले एक मारवाडी शेठजी पाठीला काळपुळी घेऊन आले आणि पहिला नंबर मागायला लागले. कानात अत्तराचा फाया. आबांनी हात जोडून त्यांना व्हरांड्यात नेऊन बसवलं. "शेठ, तुम्हना अत्तर बाहेर बसाडा, मंग तुम्ही आत या." शेठजी दीड तास बसले, फाया फेकून दिला आणि शेवटी आत आले.

दुसरा नियम म्हणजे, "जखम उघडी, तर तोंड बंद." एकदा खुद्द साहेब टाके काढता काढता मला काही समजावून सांगायला लागले. आबांनी जखमेवर उकळलेलं फडकं टाकलं आणि छताकडे बघत उभे राहिले. साहेबांचं बोलून झाल्यावर फडकं काढलं. साहेब पुढचा टाका काढायला लागले. त्यांनाही तो नियम पाठ होता.

नाकासाठी हा माणूस बैराग्यासारखा राही. विडी नाही, तपकीर नाही, दुपारच्या भाकरीबरोबर कांदासुद्धा नाही. खानदेशात राहून कांद्याशिवाय भाकर खाणं म्हणजे काय, हे खानदेशातल्या माणसालाच कळेल. थंडीत गावाबाहेर लाल मिरच्या वाळत पडल्या की सगळं नंदुरबार खोकायला लागतं. त्या दिवसांत आबा नाकाला ओलं फडकं बांधून, मान खाली घालून कामावर येत. मी एकदा केसांत मोगरा माळून ड्रेसिंगच्या खोलीत निघाले, तर दारातच त्यांचा हात आडवा. "माय, हाऊ बगिचा बाहेर ठेवीसन ये." मी गजरा काढून खिडकीत ठेवला. दिवसभर माझा चेहरा फुगलेला होता आणि आबांना त्याची काही फिकीर नव्हती.

आता त्यांच्या नाकाची खरी करामत ऐका. तापीकाठच्या एका गुजर घरातली सून आमच्याकडे होती. केळी, ऊस, कापूस पिकवणारं खातंपितं घर. ऑपरेशननं मुलगा झाला होता. पाचव्या दिवशी सकाळी आबा वॉर्डच्या दारातच थांबले आणि तिथूनच सासूला म्हणाले, "माय, राख कोणी लाई?"

सासू चपापली. "कसानी राख?"

"चुल्हानी. निंबना लाकूडनी. वरथून तूप लायेल शे."

बाईच्या हातातला तांब्याच खाली पडला. तिनं पट्टीच्या कडेनं बोट घालून खरंच आत राख सारली होती. त्यांच्या घरात बाळंतिणीला ती लावायचीच, तिच्या सासूनं तिला लावली होती, तिच्या सासूला तिच्या सासूनं. मला वाटलं, आता आबा भडकणार. ते भडकले नाहीत. पट्टी सोडली, जखम दोनदा धुतली, नवी पट्टी बांधली आणि मग सासूच्या शेजारी बाकावर बसले. "राख तुन्ही चांगलीच शे, माय. पण ती भांडासले लाव. पोटले नको." म्हातारी हसली आणि तिनं लगेच कान पकडले. सून दहाव्या दिवशी घरी गेली.

मला त्यांनी जे शिकवलं ते मात्र नाकाचं नव्हतं. पहिल्याच महिन्यात एका सडलेल्या पायाची पट्टी सोडताना माझं तोंड वाकडं झालं आणि हात नाकाशी गेला. काम संपल्यावर आबांनी मला व्हरांड्यात उभं केलं. "पोरी, रोगी जखमकडे नही दखस. आपला तोंडकडे दखस. आपलं तोंड वाकडं झायं, की तो खचस." मला इतकी लाज वाटली की मी खोलीवर जाऊन आरशासमोर सराव केला. वर्षभरात माझं तोंड असं तयार झालं की समोर काहीही उघडलं तरी त्यावर रेघ उमटत नसे. आबा सगळ्यांना कौतुकानं सांगत, "हाई पोर आते दगड झायी." त्या शब्दांचं मला फार अप्रूप होतं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी आबांना ताप आला. जबरदस्त सर्दी, डोळ्यांतून पाणी, उठता येईना. दहा दिवस कोरीटला पडून होते. परत आले तेव्हा गालफडं बसलेली, पण आल्या आल्या कोट चढवून कामाला लागले. वाकणं तेच, डोळे मिटणं तेच, "कोरं शे" तेच. एकच गोष्ट नवी होती. डोळे उघडले की ते आधी माझ्याकडे बघत, क्षणभरच, आणि मग बोलत. मला वाटलं, आता आबा मला बरोबरीची समजायला लागले. मी मनातल्या मनात फुलून गेले.

दिवाळीत मी विसरून वासाचं तेल लावून गेले. आबा काही बोलले नाहीत. त्याचाही अर्थ मी माझ्या सोयीचा लावला. मग एके दुपारी स्टोव्हवरच्या भांड्यातलं पाणी आटलं आणि आतले रबरी हातमोजे जळाले. सगळ्या वॉर्डात घाण सुटली, माणसं खोकत बाहेर आली. आम्ही धावत गेलो, तर आबा त्याच खोलीत, स्टोव्हकडे पाठ करून, शांतपणे पट्ट्या गुंडाळत बसलेले. साहेब हसून म्हणाले, "आबा, म्हातारे झालात." आबाही हसले. इतक्या मोलाचे हातमोजे गेले म्हणून आम्ही आयाला बोल लावला आणि विषय संपवला. आज आठवलं की मला स्वतःच्या डोक्याचीच कमाल वाटते. आम्हा इतक्या शहाण्या माणसांपैकी एकालाही एवढं साधं कळू नये?

मार्गशीर्षात गेंदी आली. तोरणमाळच्या अंगाच्या एका पाड्यावरची पावरा बाई, वय असेल वीसच्या आतबाहेर. पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली, पाणमोट कधीच फुटून गेलेली. नवऱ्यानं आणि दिरानं तिला झोळीत घालून घाट उतरवला, खाली बैलगाडी केली, पुढे कापसाच्या ट्रकमधून आणली. साहेबांनी तासाभरात ऑपरेशन केलं. मुलगी जिवंत निघाली आणि मोठ्यानं रडली, तेव्हा आम्ही सगळेच हसलो. हात धुताना साहेब म्हणाले, "इतका वेळ गेलाय, आत घाण पोचली असणार. पोट सांभाळा, आबा."

गेंदीला आमचं बोलणं कळत नव्हतं. आबांना तोडकी पावरी येई. ते तिला काही सांगत आणि ती हसून तोंड फिरवी. तिचा नवरा खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर उकिडवा बसून असे. तो कोणाशी बोलत नसे, पण आबा वॉर्डात आले की उठून उभा राही.

चौथ्या दिवशी गेंदीला ताप चढला. साहेबांनी विचारलं, "आबा, जखम?" आबा वाकले, डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. "कोरं शे." जखम कोरी म्हटल्यावर ताप हिवतापाचा. सातपुड्यातून आलेल्या माणसाच्या अंगात हिवताप असायचाच, असं आम्ही तेव्हा धरून चालत असू. कोयनेल सुरू झालं. पेनिसिलिन थोडंच उरलं होतं, जखम तर ठीक होती, म्हणून ते थांबवलं. पाचव्या दिवशी कोरं शे. सहाव्या दिवशी कोरं शे. गेंदी मात्र हसेनाशी झाली. मुलीला जवळ दिलं तर हातानं दूर सारायला लागली.

सातव्या दिवशी सकाळी मी खाटेच्या एका बाजूला आणि आबा दुसऱ्या बाजूला. ते वाकले. मीही चादर सारखी करायला वाकले होते. आणि मी हे इथेच सांगून टाकते, पुढे ढकललं तर सांगायचं धैर्य राहणार नाही. मला वास आला होता. बारीकसा, गोडसर, कुजकट. आबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. माझं तोंड जसं त्यांनी घडवलं होतं तसंच होतं.

"कोरं शे," आबा म्हणाले.

मग मला वाटलं, मलाच भास झाला. शेजारच्या खाटेचा असेल, मोरीचा असेल. वीस वर्षं न चुकलेल्या नाकापुढे माझं तीन वर्षांचं नाक काय बोलणार? तुम्ही म्हणाल, विचारायचं तरी होतं. बरोबर आहे. मी नाही विचारलं. मी चादर खोचली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

आठव्या दिवशी टाके काढायचे, म्हणून साहेब स्वतः आले. आबा नेहमीप्रमाणे वाकले आणि म्हणाले, "कोरं शे." साहेबांनी पोटपट्टा सोडला, पट्टी कापली, खालचा कापूस उचलला. आणि वॉर्डात असा वास सुटला की मी तो शब्दांत सांगणार नाही. साहेबांनी झटकन मान फिरवली. आया तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली आणि नाक दाबून देवाचं नाव घ्यायला लागली. खुद्द गेंदीनं, त्या ग्लानीत, स्वतःचं नाक धरलं. माझाही हात नाकावर गेला.

आबा तसेच वाकलेले होते. जखमेपासून चार बोटांवर, हात पाठीमागे, चेहरा अगदी शांत. टाक्यांमधून हिरवट पू पाझरत होता आणि त्यांचा चेहरा शांत होता. मग त्यांना आमच्या हालचाली जाणवल्या असाव्यात. त्यांनी मान वर केली आणि एकेकाकडे बघायला लागले. साहेबांकडे, माझ्याकडे, म्हातारीकडे, गेंदीकडे. सगळ्यांचे हात नाकावर. मी पुढे कितीतरी वर्षं नोकरी केली, अपघात पाहिले, जळालेली माणसं पाहिली. पण आबांच्या त्या शांत चेहऱ्याइतका धक्का मला पुन्हा कशानं बसला नाही.

साहेबांनी विचारलं, "आबा, वास येत नाही तुम्हाला?"

"नही."

"कधीपासून?"

"दिवाईपासून."

"दिवाळीपासून? मग इतके दिवस सांगत काय होता?"

आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिन्हा तोंडकडे दखीसन सांगू."

मला वाटत होतं तो मान होता. ते मला बरोबरीची समजत नव्हते, ते माझ्या चेहऱ्यावर वास शोधत होते. आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी त्यांच्या नाकावर विसंबून, ते माझ्या तोंडावर विसंबून, आणि आमच्या दोघांच्या मध्ये ही पोर चार दिवस सडत पडली होती.

बोलायला तेव्हा वेळ नव्हता. साहेबांनी तिथेच टाके उघडले. वाडगाभर पू निघाला. आतली शिवण धरून होती, म्हणून गेंदीचा जीव धरून होता. धुळ्याला माणूस पाठवून पेनिसिलिन आणवलं. दिवसातून दोनदा जखम धुवायची, औषधात भिजवलेली पट्टी आत भरायची, पुन्हा काढायची. गेंदी ओरडत असे आणि आबा तिचे पाय धरून उभे असत. जखमेला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. ते पाणी उकळत, हत्यारं उकळत, घाण झालेल्या पट्ट्या नेऊन जाळत. आयाचं कामही तेच करायला लागले. साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून नियम केला की ताप आला की पट्टी उघडायची, मग कोणाचं नाक काहीही म्हणो.

मी एकदा रागारागानं विचारलंच, "आबा, सांगितलं का नाही?" मला वाटलं, नोकरीची भीती म्हणतील. ते म्हणाले, "रोज सकायले वाटे, आज परत ई." रोज सकाळी त्यांना वाटायचं, आज येईल. घरून निघाले की वाटेत कडुनिंबाचा पाला चुरडून बघायचे, गोठ्याजवळ थांबायचे, मिरचीच्या ढिगापुढे मुद्दाम उभे राहायचे. डोळ्यांत पाणी यायचं, वास यायचा नाही. हे सगळं त्यांनी मला पट्ट्या गुंडाळता गुंडाळता सांगितलं. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही.

गेंदीचा ताप उतरला त्या दिवशी आबा तिच्या नवऱ्यासमोर व्हरांड्यात जाऊन बसले. खाली, त्याच्यासारखेच उकिडवे. त्याच्या भाषेत ते हळूहळू बोलत होते आणि काय बोलत होते हे मला न कळताही कळत होतं. आपलंच चुकलं, आपल्यामुळे तुझी बायको मरायची, असंच ते असणार. नवरा ऐकत राहिला. मग तो दोन वाक्यं बोलला आणि आबांचा चेहरा उतरला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"तो म्हणस, तेले दोन दिनपासून वास ई ऱ्हायंता. पण मी रोज वाकीसन चांगलं सांगू. तर तेले वाटनं, दवाखानामा बरं होवानं म्हंजे असाच वास येत व्हई."

हे ऐकून आया रडायला लागली. तिलाही आला होता. तिला मोरीचा वाटला. शेजारच्या म्हातारीलाही आला होता. आबा ठीक म्हणतात तर आपण कोण, म्हणून ती गप्प राहिली. एकेक जण बोलत गेला. मला वाटतं, त्या दिवशी प्रत्येकानं आपापलं सांगून टाकलं आणि प्रत्येकाचा जीव हलका झाला. मी मात्र बोलले नाही. मी शिकलेली होते. मला आला होता म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न असा आला असता की त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पाच आठवड्यांनी गेंदी स्वतःच्या पायांनी घरी निघाली. मुलगी चांगली गुबगुबीत झालेली. दारात तिनं आबांच्या पायांना हात लावायला वाकायचा प्रयत्न केला, तर ते दोन पावलं मागे सरले आणि आत निघून गेले. त्याच आठवड्यात त्यांनी कोट धुवून, घडी करून साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी परोपरीनं सांगितलं की पट्ट्या करा, हत्यारं उकळा, पण राहा. आबा नाही म्हणाले. बायको कधीच गेलेली, मुलगी नवापूरला दिलेली. तिच्याकडे जायचं ठरलं.

स्टेशनवर पोचवायला मी एकटीच गेले. दुपारची गाडी होती. मी ठरवूनच गेले होते की आज सांगायचं. त्यांची पिशवी माझ्या हातात होती आणि वाक्य ओठांवर होतं, आणि एकामागून एक विषय काढत मी ते पुढे ढकलत होते. नवापूरचं हवापाणी, मुलीची मुलं, डब्यातली भाकर. गाडी आली. आबांना खिडकीजवळ जागा मिळाली. मी पिशवी आत दिली. त्यांनी गजांवर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, येक इचारू?"

"विचारा ना, आबा."

"टाका काढाना आदला दिन तू मन्हा समोर व्हती. मी तुन्हा तोंडकडे दखं. तुले काही वास उना व्हता का?"

त्यांनीच विचारलं. मला शब्दही शोधावे लागणार नव्हते. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही, आबा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग त्यांचे खांदे खाली आले आणि ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "मंग बरं. तुले नही उना म्हंजे तो आदला दिन नव्हताच. बाकीना लोके उगाच म्हणतस." त्यांनी गजांतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "तू खोटं नही बोलस."

गाडी हलली. मी हात हलवला.

चार वर्षांनी त्यांच्या मुलीचं कार्ड आलं, आबा गेल्याचं. मधल्या काळात नवापूर काही फार लांब नव्हतं. सकाळी निघून संध्याकाळी परत येता आलं असतं. मी गेले नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून मी नाही म्हणाले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मी भ्याले होते.

त्या दिवशी स्टेशनवरून मी थेट इस्पितळात आले. चार वाजताची ड्रेसिंगं राहिली होती. हात धुतले, ट्रे घेतला आणि सहा जखमा ओळीनं, स्वच्छ आधी आणि पुवाच्या नंतर, व्यवस्थित बांधल्या. हात जरासुद्धा थरथरले नाहीत. त्याचा धक्का मला आजही बसतो.